डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नव्हे

अमेरिकेत घर विकायला काढलं की जाहिरातीत खोल्या किती, बाथरूम किती, गॅरेज आहे का, हे सगळं असतंच. पण माझ्या मुलानं न्यू जर्सीत घर शोधायला सुरुवात केली तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो आणि सूनबाई घराचे फोटो बघायच्या आधी एक आकडा बघतात. शाळेचा आकडा, दहापैकी किती. आठ-नऊ असेल तर पुढं बघायचं. चार-पाच असेल तर घर कितीही ऐसपैस असो, पान उलटायचं. मी तीस-बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. आमच्या शाळेमुळं गावात कुणाच्या घराची किंमत चार आण्यांनी वाढल्याचं मला तरी आठवत नाही!

मुलगा म्हणाला, "आई, इथं घर घेत नाहीत, स्कूल डिस्ट्रिक्ट घेतात. घर त्याच्यासोबत येतं."

आता हे स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे काय, हे त्याला विचारलं तर त्याला 'चांगलं' आणि 'वाईट' यापलीकडं फारसं सांगता येईना. मास्तरकी केलेल्या माणसाला एवढ्यावर चैन पडत नाही. सहा महिने राहायचं होतं, दुपारभर घरात मी एकटी, आणि चालत जाण्याच्या अंतरावर गावची लायब्ररी. तेव्हा बसले वाचत. शब्दकोश हाताशी होताच.

पहिला घोटाळा शब्दाचाच. डिस्ट्रिक्ट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जिल्हा येतो. कलेक्टर, झेडपी, तालुके, एसटीचा मोठा स्टँड. इथं तसं काही नाही. न्यू जर्सी राज्य आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडंसंच मोठं. लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत सुमारे ९३ लाख, म्हणजे २०११ साली एकट्या पुणे जिल्ह्याची होती साधारण तेवढी. एवढ्याशा राज्यात २१ काउंट्या आहेत, ५६४ गावं-शहरं आहेत आणि स्कूल डिस्ट्रिक्ट सुमारे ६००! म्हणजे जवळजवळ गावागणिक एक. अहिल्यानगरला ग्रामीण भागातल्या प्राथमिक शाळांचा सगळा पसारा एक जिल्हा परिषद सांभाळते, तिथं यांची सहाशे स्वतंत्र राज्यं.

राज्यं हा शब्द मी उगाच नाही वापरला. डिस्ट्रिक्ट हे सरकारी खात्याचं खालचं ऑफिस नाही. बहुतेक ठिकाणी ते गावच्या नगरपालिकेपासूनसुद्धा वेगळं असतं. त्याचं स्वतःचं बोर्ड असतं, साधारणपणे नऊ जणांचं. गावातलेच लोक तीन-तीन वर्षांसाठी निवडून येतात आणि एक पैसाही मानधन घेत नाहीत. कुणी दंतवैद्य, कुणी वकील, कुणी घर सांभाळणारी आई. हे बोर्ड सुपरिंटेंडेंट नेमतं. म्हणजे आपला शिक्षणाधिकारी म्हणा, पण सरकारनं बदली करून पाठवलेला नव्हे. गावानं मुलाखत घेऊन, करार करून ठेवलेला. शिक्षकांचा पगारसुद्धा प्रत्येक बोर्ड आपापल्या शिक्षक संघटनेशी बसून ठरवतं. त्यामुळं रस्त्याच्या अल्याडच्या शाळेत एक पगार आणि पल्याडच्या शाळेत दुसरा. आपल्याकडं वेतन आयोग लागला की गडचिरोलीच्या गुरुजींना आणि साताऱ्याच्या गुरुजींना मूळ पगार सारखाच लागतो. हे वाचेपर्यंत त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

काही डिस्ट्रिक्टमध्ये फक्त आठवीपर्यंतच शाळा असते, नववीपासून चार-पाच गावांची मिळून मोठी हायस्कूल. त्या हायस्कूलचं पुन्हा वेगळं डिस्ट्रिक्ट, वेगळं बोर्ड, वेगळा सुपरिंटेंडेंट. कहर म्हणजे काही डिस्ट्रिक्ट अशी होती की त्यांच्याकडं एकही शाळा नव्हती. बोर्ड होतं, हिशेब होते, मुलं पैसे भरून शेजारच्या गावात पाठवायची. २००९ मध्ये कायदा करून असली डिस्ट्रिक्ट शेजारच्यांत विलीन करायला सुरुवात झाली. दुसऱ्या टोकाला हवाई. तिथं अख्ख्या राज्याचं मिळून एकच डिस्ट्रिक्ट आहे. एका देशात दोन्ही चालतं, कारण अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षण हा शब्दच नाही. तो विषय राज्यांचा. दिल्लीसारखं वॉशिंग्टनहून धोरण येतं अशी माझी समजूत होती. पण देशभरचा हिशेब घेतला तर शाळांच्या पैशांत केंद्राचा वाटा साधारण दहावा हिस्सा, आणि न्यू जर्सीत त्याहूनही कमी.

मग उरलेला पैसा येतो कुठून? इथंच खरी गोम आहे.

घरपट्टीतून. मुलानं बघितलेल्या प्रत्येक घराच्या कागदावर वर्षाची प्रॉपर्टी टॅक्सची रक्कम छापलेली असे आणि ती वाचून मी दर वेळी दचकत असे. राज्यात घरामागं सरासरी पट्टी २०२४ मध्ये दहा हजार डॉलरच्या वर गेली. देशात सगळ्यांत जास्त म्हणून हे राज्य प्रसिद्धच आहे. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक पैसा शाळांना जातो. राज्य सरकारही मदत देतं, पण सधन गावाची शाळा मुख्यतः गावच्या घरपट्टीवर चालते. याचा अर्थ काय होतो बघा. ज्या गावात मोठमोठी घरं, कंपन्यांची ऑफिसं, एखादा मॉल, तिथं थोड्या दरानं पट्टी लावली तरी पेटी भरते. ज्या गावात जुन्या चाळवजा इमारती, बंद पडलेले कारखाने आणि पोरं मात्र भरपूर, तिथं दर दुप्पट केला तरी पेटी रिकामीच. आणि दोन गावांच्या मध्ये काय असतं? कधी ओढा, कधी रेल्वेचा रूळ, कधी नुसताच एक रस्ता.

हे अन्यायाचं आहे हे तिथल्या लोकांनाही कळत होतं. जर्सी सिटीच्या एका शाळकरी मुलाच्या नावानं १९७० मध्ये खटला दाखल झाला. राज्याच्या घटनेत १८७५ साली एक दुरुस्ती घातलेली आहे की पाच ते अठरा वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी मोफत, परिपूर्ण आणि कार्यक्षम शाळाव्यवस्था ठेवणं ही राज्याची जबाबदारी. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७३ च्या एप्रिलमध्ये सांगितलं की गावच्या घरपट्टीवर शाळा सोडून दिल्यानं ही जबाबदारी पार पडत नाही. गंमत अशी की जेमतेम दोनच आठवडे आधी देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं टेक्सासच्या अशाच खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी, उलटा निकाल दिला होता: देशाच्या घटनेनं शिक्षणाचा मूलभूत हक्क दिलेला नाही, तेव्हा आम्ही यात पडणार नाही. म्हणजे दार बंद झालं होतं, पण राज्याच्या घटनेतल्या त्या शंभर वर्षांपूर्वीच्या ओळीनं खिडकी उघडी ठेवली होती.

पुढची गोष्ट तर मला फार आवडली. निकाल लागला तरी आमदार मंडळी नवा कर लावायला धजेनात. तेव्हा न्यायालयानं हुकूम काढला, १९७६ च्या १ जुलैपासून, जोवर पैशाची व्यवस्था करत नाही तोवर, शाळांवर एक डॉलर खर्च करायचा नाही. राज्यातल्या सगळ्या सरकारी शाळांना टाळं! जुलै असल्यामुळं मुलांना सुट्टीच होती म्हणा. पण टाळं ते टाळं. आठवडाभरात विधिमंडळानं आयकर मंजूर केला. तोपर्यंत न्यू जर्सीत राज्याचा तसा आयकर नव्हता. कोर्टानं सरकारचा कान धरून शाळेत आणल्यासारखंच झालं.

एवढ्यानं भागलं नाही. १९८१ मध्ये कॅमडेन, ईस्ट ऑरेंज, अर्विंग्टन आणि जर्सी सिटी या चार शहरांतल्या वीस मुलांच्या वतीनं दुसरा खटला झाला. पहिलं नाव अ‍ॅबट नावाच्या मुलाचं होतं, म्हणून तो अ‍ॅबट खटला. तो इतकी वर्षं चालला आणि त्यात इतके निकाल लागले की त्यांना क्रमांक देतात, अ‍ॅबट दोन, अ‍ॅबट चार, अ‍ॅबट पाच, अशा धड्यांसारखे. १९९० मध्ये न्यायालयानं सांगितलं की गरीब शहरांतल्या डिस्ट्रिक्टना श्रीमंत उपनगरांइतकाच पैसा दरडोई मिळाला पाहिजे, आणि गरिबीचे तोटे भरून काढायला वर आणखी. तेव्हा अशी २८ डिस्ट्रिक्ट होती, पुढं ३१ झाली. १९९८ च्या निकालानं त्या गावांत तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी चांगली बालवाडी सक्तीची केली, मुलांवर नव्हे, सरकारवर. मी स्वतः वर्षानुवर्षं पहिलीचा वर्ग घेतलेला आहे. बालवाडी केलेलं मूल आणि थेट शेताच्या बांधावरून आलेलं मूल यांच्यात पहिल्या दिवशी किती अंतर असतं, ते मला कुणी निकालपत्रातून सांगायची गरज नाही. पण न्यायाधीशाच्या खुर्चीतल्या माणसाला ते कळावं, याचं मला मनापासून कौतुक वाटलं. पुढं २००८ मध्ये नवा कायदा झाला. त्यात प्रत्येक मुलामागं किती खर्च यावा याचं सूत्र आहे आणि मूल गरीब घरचं असेल किंवा त्याला इंग्रजी येत नसेल तर त्याचं वजन जास्त धरतात.

तर पैसा कुंपणावरून पलीकडं गेला. पण कुंपण? ते जिथल्या तिथं. डेट्रॉइट शहराच्या खटल्यात १९७४ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र आणण्यासाठीसुद्धा, उपनगरांचा दोष सिद्ध झाल्याशिवाय, डिस्ट्रिक्टची हद्द ओलांडता येणार नाही. न्यू जर्सीत गावं लहान, त्यामुळं हद्दीही घट्ट. एका गावच्या शाळेत बहुतेक मुलं गोरी आणि भारतीय-चिनी, शेजारच्या गावच्या शाळेत बहुतेक काळी आणि स्पॅनिश बोलणारी, हे मी डोळ्यांनी पाहिलं. बसनं वीस मिनिटांचं अंतर. यावरही २०१८ मध्ये खटला दाखल झालेला आहे.

मुलाला मी म्हटलं, "अरे, तो दहापैकीचा आकडा शाळेचा नाहीच. शाळेत येणाऱ्या घरांचा आहे. ज्या घरात संध्याकाळी आईबाप अभ्यास घ्यायला मोकळे असतात, त्या घरांचा. तिथला मास्तर इथं आणून ठेव आणि बघ."

मुलगा गप्प बसला. सूनबाई म्हणाली, "आई, तुमचं बरोबर असेल. पण हा प्रयोग माझ्या मुलावर नको."

यावर काय बोलणार? शिक्षिका म्हणून माझ्याकडं उत्तर होतं, आजी म्हणून नव्हतं. शेवटी त्यांनी 'आठ'च्या गावात दोन खोल्या कमी असलेलं टाउनहाउस घेतलं.

आणि ज्यांना दोन खोल्या कमी करूनही परवडत नाही, त्यांचं काय? तिथल्या देवळात एका बाईंशी ओळख झाली होती, आपल्याकडच्याच, विदर्भातल्या. नवरा दुकानात काम करायचा, त्या घरी लोकांची मुलं सांभाळायच्या. भाड्यानं राहायच्या 'चार'च्या गावात, पण दीर 'नऊ'च्या गावात. मुलीचं नाव दिराच्या पत्त्यावर घालावं असा विचार चालला होता. शाळेत नाव घालताना भाडेकरार, विजेचं बिल असे पत्त्याचे पुरावे मागतात. संशय आला तर माणूस पाठवून मूल सकाळी कोणत्या घरातून निघतं तेही बघतात, आणि पत्ता खोटा निघाला तर जेवढे दिवस मूल शिकलं तेवढ्या दिवसांची फी वसूल करू शकतात. बाईंना कुणीतरी हे सांगितलं आणि त्यांनी बेत सोडून दिला. मला म्हणाल्या, "मॅडम, गावी असताना पोरगी मामाच्या गावच्या शाळेत दोन वर्षं होती, कुणी विचारलं पण नाही." मला आमच्या शाळेतली अशी कितीतरी मुलं आठवली. कुणी आजोळी राहिलेलं, कुणी ऊसतोडीला गेलेल्या आईबापांनी मावशीकडं ठेवलेलं. दाखला मागाहून यायचा, कधी यायचाही नाही. पोराला आधी वर्गात बसवायचं, कागदाचं नंतर बघू, हीच आमची रीत. आता तर शिक्षण हक्क कायद्यानंही दाखल्यावाचून अडवता येत नाही.

एवढं सगळं वाचून-पाहून माझं मत डिस्ट्रिक्टच्या विरोधात पक्कं होत आलं होतं. तेवढ्यात सूनबाई म्हणाली, "आई, आज बोर्डाची मीटिंग आहे. बसचा विषय आहे. येताय?"

संध्याकाळी साडेसातला शाळेच्या लायब्ररीत. समोर लांब टेबलाशी नऊ जण, प्रत्येकासमोर नावाची पाटी, बाजूला सुपरिंटेंडेंट आणि हिशेब बघणारे अधिकारी. अशा सभा उघड्यावर घ्यायच्या असा १९७५ चा कायदाच आहे. साठ-सत्तर गावकरी आलेले. विषय असा: प्राथमिक शाळेतलं मूल दोन मैलांपेक्षा लांब राहत असेल तर त्याला बस देणं बोर्डावर बंधनकारक. त्याहून जवळच्यांना बोर्ड आपखुशीनं बस देत होतं, तिला म्हणतात कर्टसी बसिंग. पैसा कमी पडतोय, ती बंद करावी असा प्रस्ताव. घरपट्टी वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही असं राज्याचं बंधन २०११ पासून आहे, त्यामुळं खर्च वाढला की कशाला तरी कात्री लागतेच.

प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. एक बाई रात्रपाळी करणाऱ्या होत्या, वखारीत. त्या म्हणाल्या, "मी सकाळी सातला घरी येते, माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, मधला रस्ता चार पदरी आहे. तुमच्यापैकी कुणी त्याला हात धरून नेणार का?" एक आजोबा उठले. त्यांची मुलं शिकून तीस वर्षं झालेली, पेन्शनवर घर चाललेलं, पट्टी भरता भरता घर विकायची पाळी आलीय म्हणाले. त्यांनाही टाळ्या पडल्या. एका सातवीतल्या मुलानं कागदावरून वाचून दाखवलं. हात थरथरत होते, पण वाचलं पूर्ण.

मी बसल्या बसल्या आठवत होते. माझा पगार सरकारी तिजोरीतून यायचा, बदलीचा हुकूम जिल्ह्याच्या गावाहून, पुस्तकं पुण्याहून, आणि साहेब म्हणजे केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी अशी चढती भाजणी. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या त्या सत्ता लोकांच्या दारी न्यावी म्हणूनच. पण आमच्या गावाला शाळेबद्दल काही म्हणायचं असलं तर गाव ते कुणाला म्हणणार? सरपंचाला अधिकार नाही, गुरुजींना नाही, शिक्षण समितीचे सभापती साठ किलोमीटरवर. लोक पत्रे बदलायला वर्गणी काढत, पंधरा ऑगस्टला खाऊ वाटत. शाळेवर त्यांची माया होती, हुकमत नव्हती. २०१० पासून शाळा व्यवस्थापन समित्या आल्या, पालकांचं बहुमत असलेल्या. चांगली गोष्ट आहे. पण गावची शाळा पटसंख्या कमी म्हणून दुसऱ्या शाळेत मिळवायची ठरलं तर ते ठरतं वरच. समितीनं त्याला तीन मिनिटांत हरकत घ्यायची, अशी सभा मी तरी पाहिली नाही.

साडेनऊला मतदान झालं. चिठ्ठ्या नाहीत, हात वर करणं नाही. एकेकाचं नाव पुकारलं आणि एकेकानं मोठ्यानं 'येस' किंवा 'नो' म्हटलं, साठ-सत्तर लोकांच्या डोळ्यांसमोर. पाच विरुद्ध चार. फुकटची बस बंद, ज्यांना हवी त्यांनी वर्षाची फी भरून घ्यावी असं ठरलं. रात्रपाळीच्या बाईंना फी परवडणार होती की नाही, कळलं नाही.

बाहेर आलो तर पार्किंगमध्ये त्या बाई आणि 'येस' म्हणालेले एक सभासद दिव्याखाली उभे राहून तावातावानं बोलत होते. ते गृहस्थ हात जोडल्यासारखे करून काहीतरी समजावत होते. जायची घाई त्यांनाही दिसत नव्हती.

"यांची मुदत येत्या नोव्हेंबरात संपते," सूनबाई गाडी सुरू करता करता म्हणाली, "बघूया परत निवडून येतात का ते."

"तू कुणाला मत देणार?" मी विचारलं.

"आम्ही कुठलं मत देणार, आई? मत नागरिकांना. आमची पट्टी तेवढी चालते. ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत अजून, बारा वर्षं झाली."